बॉम्बखालचें शहर आणि शहराचा कारभार

संकट आलें म्हणजे माणसाची परीक्षा होते, हें वचन आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. शहरावर संकट आलें म्हणजे मात्र परीक्षा कोणाची होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत लंडन शहरावर ता. ७ सप्टेंबर १९४० पासून जवळजवळ खंड न पडतां सत्तावन्न रात्री जर्मन विमानांनीं बॉम्ब टाकले, व त्यानंतरही मे १९४१ पर्यंत हा मारा कमीअधिक मानानें चालूच राहिला. त्या दिवसांची हकीकत सांगणारे बहुतेक लेखक एकच सूर धरतात. काचा फुटलेल्या दुकानाचा मालक सकाळीं झाडू घेऊन दाराशीं उभा आहे, कारकून ढिगाऱ्यांतून वाट काढीत कचेरीकडे निघाला आहे, आणि दोघांच्याही ओठांवर थट्टेचा शब्द आहे, असें तें चित्र आहे. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें अर्धें आहे. आणि अर्धें चित्र नेहमीं कोणाच्या तरी सोयीचें असतें. रयतेच्या धैर्याचे पोवाडे गायिले म्हणजे कारभाऱ्यांच्या वह्या उघडून पाहण्याचें कोणास सुचत नाहीं. त्या वह्या पाहण्याजोग्या आहेत. कारण बॉम्बखालीं शहर कशानें टिकतें व कशाच्या अभावीं माणसें व्यर्थ मरतात, हें त्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे.

प्रथम तयारी कशाची झाली होती तें पाहूं. १९३७ सालीं ब्रिटिश हवाई खात्यानें असा अंदाज केला होता कीं, शत्रूनें साठ दिवस मारा केल्यास सहा लक्ष माणसें मरतील व बारा लक्ष जखमी होतील. या आंकड्यांनीं राज्यकर्त्यांची झोंप उडाली. प्रेतपेट्यांचे सांठे झाले, भीतीनें वेड लागणारांसाठीं इस्पितळांत खाटा राखून ठेवण्यांत आल्या, आणि विषारी वायूच्या भयानें १९३८ च्या सप्टेंबरअखेर सुमारें तीन कोटी ऐंशी लक्ष मुखवटे वांटण्यांत आले. प्रत्यक्षांत वायूचा हल्ला झालाच नाहीं. वेड्यांच्या खाटा रिकाम्या राहिल्या. आणि सबंध युद्धांत विमानांच्या व अग्निबाणांच्या माऱ्यानें सर्व ब्रिटनमध्यें सुमारें साठ हजार नागरिक मरण पावले. ही संख्या लहान आहे असें कोण म्हणेल? परंतु अंदाज चुकला तो केवळ संख्येंत चुकला नाहीं, तर संकटाच्या स्वरूपांतच चुकला. घर पडलें, सामान गेलें, पण मनुष्य वांचला, तर त्यानें त्या रात्रीं कोठें जावें, काय खावें, हा प्रश्न कोणीं नीट विचारलाच नव्हता. १९४१ च्या मध्यापर्यंत लंडनमधील सुमारें चौदा लक्ष माणसें, म्हणजे दर सहांतील एक, केव्हां ना केव्हां बेघर झालीं होतीं. मेलेल्यांची व वेड्यांची सोय झाली होती. जिवंत व शहाण्या माणसाची मात्र राहून गेली होती.

दुसरी गोष्ट आश्रयस्थानांची. स्पेनमधील यादवी युद्धांत शहरांवर बॉम्ब पडतांना प्रत्यक्ष पाहून आलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीं जमिनींत खोल व मजबूत भुयारें बांधावीं असा आग्रह १९३८ पासून धरिला होता. हेच हाल्डेन पुढें भारताचे नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें त्यांचा अंत झाला. लंडनमधील फिन्सबरी येथील स्थानिक कौन्सिलानें तर अशा भुयारांचा सविस्तर आराखडाच तयार करून घेतला होता. सरकारनें १९३९ सालीं हा विचार फेटाळला. नागरी संरक्षणाचें खातें तेव्हां सर जॉन अँडरसन यांजकडे होतें. हे गृहस्थ १९३२ ते १९३७ पर्यंत बंगालचे गव्हर्नर होते. खर्च फार, वेळ थोडा, सिमेंट व लोखंड अपुरें, हीं कारणें देण्यांत आलीं. शिवाय एक कारण असें होतें कीं, लोक एकदां खोल भुयारांत शिरले म्हणजे पुन्हां वर येऊन कामावर जाणार नाहींत. जी माणसें पुढें आठ महिने रात्रीं बॉम्ब सोसून दिवसा कामावर गेलीं, त्यांच्याविषयीं त्यांच्याच सरकारचें मत असें होतें!

खोल भुयारांऐवजीं सरकारनें पन्हळी पत्र्याचें एक लहान आश्रयस्थान काढलें. तें अर्धें जमिनींत पुरून वर माती लोटावयाची असे. वर्षाची प्राप्ति अडीचशें पौंडांहून कमी असणारांस तें फुकट मिळे. सोय चांगली होती, आणि तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले यांत शंका नाहीं. परंतु पत्रा पुरावयास अंगण लागतें. गोदीच्या आसपास, पूर्व लंडनच्या दाट वस्तींत, एकेका खोलींत कुटुंब राहत होतें. तेथें अंगण कोठलें? म्हणजे मारा ज्यांच्या डोक्यावर प्रथम व्हावयाचा, त्यांच्याच उपयोगाची ती सोय नव्हती. त्यांच्यासाठीं रस्त्यांत विटांचीं आश्रयस्थानें बांधण्यांत आलीं. त्यांतहि सिमेंटची टंचाई व संदिग्ध हुकूम यांमुळें कित्येकांच्या भिंती सिमेंट न घालतां नुसत्या चुन्यावाळूंत उभ्या राहिल्या. बॉम्ब जवळ पडला कीं भिंत बाजूस होई आणि वरचें जड छप्पर आंतल्या माणसांवर येई. लोक तीं आश्रयस्थानें टाकून निघाले तेव्हां त्यांस हट्टी व अडाणी म्हणणारेही निघाले; वास्तविक त्यांस बांधकामाची परीक्षा कंत्राटदारापेक्षां अधिक होती, इतकेंच.

ता. ७ सप्टेंबरचा शनिवार उजाडला तो या तयारीवर. दुपारनंतर गोद्यांवर मारा सुरू झाला. लांकडाच्या वखारी, साखरेचीं व मिऱ्यांचीं कोठारें, दारूचे पिंपांचे ढीग, सर्व पेटलें. त्या एका दिवसारात्रींत सुमारें चारशें तीस माणसें मेलीं. गोदीलगतच्या कॅनिंग टाऊन भागांतील घरें पडलेल्या कुटुंबांस साउथ हॉल्सव्हिल येथील शाळेंत नेऊन बसविण्यांत आलें व दुसरीकडे नेण्यास बसगाड्या येतील असें सांगण्यांत आलें. गाड्या वेळेवर आल्या नाहींत. माणसें वाट पाहत राहिलीं. ता. १० च्या पहांटे शाळेवरच बॉम्ब पडला. सरकारी आंकडा सत्त्याहत्तर मृतांचा आहे. त्या भागांतील लोकांनीं तो कधींच मान्य केला नाहीं, व मृतांची संख्या शेंकड्यांनीं होती असें ते सांगत आले. खरा आंकडा कांहींही असो. हीं माणसें बॉम्बनें मेलीं हें खरें. पण बॉम्ब पडण्यापूर्वीं तीं तीन दिवस कारभाराची वाट पाहत होतीं, हेंही तितकेंच खरें आहे.

हा नुसता एका अधिकाऱ्याचा गाफीलपणा नव्हता. बेघर झालेल्यांस ठेवण्याचीं ठिकाणें त्या काळीं गरिबांच्या मदतीच्या जुन्या कायद्याखालीं चालत होतीं. मदत इतकी थोडी व रूक्ष असावी कीं घेणारास ती पुन्हां घ्यावीशी वाटूं नये, हें त्या कायद्याचें १८३४ पासूनचें तत्त्व. बॉम्बनें घर पडलेल्या कामगारासही तेंच तत्त्व लागू करण्यांत आलें. पाव, डब्यांतील मांस व चहा एवढ्यावर भागवावयाचें, पांघरुणें मोजकीं, पायखाने अपुरे, आणि माणसें कांहीं तासांत निघून जातील असें गृहीत धरलेलें. नवीं शिधापत्रिका एका कचेरींत, कपड्यांस पैसे दुसरींत, घराची चौकशी तिसरींत, आणि या कचेऱ्या शहराच्या चार दिशांस. हा बेघर मनुष्य आमच्या हद्दींतला कीं शेजारच्या हद्दींतला, व त्याचा खर्च कोणीं सोसावा, यावर लिखापढी चाले. ज्याच्या घराची राख झाली आहे त्यास भिकाऱ्याच्या रांगेंत उभें करून त्याच्या धैर्याचे गोडवे वर्तमानपत्रांत गाणें, यापरतें ढोंग आम्हांस ठाऊक नाहीं.

मग लोकांनीं काय केलें? त्यांनीं हुकूम मोडला. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत आश्रयास जाऊं नये असें सरकारचें फर्मान होतें. लोकांनीं दीड पेनीचें तिकीट काढलें, मुलांस व अंथरुणांस घेऊन खालीं उतरले, आणि गाडींत न बसतां फलाटावरच पथारी पसरली. तिकीट काढणारास बाहेर कोण हांकणार? ता. २७ सप्टेंबर रोजीं एक लक्ष सत्त्याहत्तर हजार माणसें स्टेशनांत झोंपलीं. त्यापूर्वींच, ता. १४ रोजीं, स्टेपनी येथील कौन्सिलर फिल पिराटिन यांनीं पूर्व लंडनमधील कांहीं कुटुंबांस घेऊन सॅव्हॉय या श्रीमंतांच्या हॉटेलाच्या तळघरांत प्रवेश केला होता. तेथें पलंग होते, पांघरुणें होतीं, परिचारिकाही होती. एकाच शहरावर एकच बॉम्ब पडतो, पण त्याखालची जमीन सर्वांस सारखी नसते, हें त्या रात्रीं सर्व जगास दिसलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सारें लंडन भुयारांत झोंपत होतें असें नाहीं. नोव्हेंबर १९४० मध्यें झालेल्या मोजणींत शेंकडा चार माणसें भुयारी स्टेशनांत, नऊ सार्वजनिक आश्रयस्थानांत व सत्तावीस आपापल्या घरच्या आश्रयस्थानांत आढळलीं. उरलेलीं साठ आपल्या घरांतच राहत होतीं. म्हणूनच जीं चार किंवा नऊ माणसें बाहेर पडलीं, तीं हौसेनें पडलीं नव्हतीं. तीं बहुधा तींच होतीं, ज्यांस अंगण नव्हतें, मजबूत भिंत नव्हती, आणि खेड्यांत जाऊन राहण्यास नातलग वा पैसा नव्हता.

आणि या माणसांनीं खालीं जाऊन गोंधळ माजविला नाहीं. त्यांनीं कारभार उभा केला. स्पिटलफील्ड्स येथील फळबाजाराच्या तळघरांत हजारों लोक घाणींत बसत. तेथें मिकी डेव्हिस नांवाच्या एका ठेंगण्या चष्मेवाल्यानें पुढाकार घेतला. समिति निवडली, झाडलोटीच्या पाळ्या लावल्या, औषधोपचाराची जागा व उपाहारगृह काढलें. सेंट पँक्रस भागाचे कौन्सिलर व्ही. के. कृष्ण मेनन हेही माऱ्याच्या काळांत हवाई हल्ल्याचे स्वयंसेवक रखवालदार म्हणून रस्त्यांत हिंडत होते. जातीनें वा वंशानें धैर्य ठरत नाहीं, हें सांगावयास यापेक्षां निराळा दाखला नको. पायखाना, पिण्याचें पाणी, एक दिवा, पाळीची यादी आणि ज्याचें ऐकावें असा आपण निवडलेला मनुष्य, एवढ्या वस्तु मिळाल्या कीं साधीं माणसें धीर धरतात. त्या न मिळाल्या तर शूरही हतबल होतात. धैर्य ही आकाशांतून उतरणारी देणगी नव्हे. तें व्यवस्थेचें फळ आहे, असें आमचें मत आहे.

सरकारासही अखेर जाग आली. सप्टेंबरच्या अखेरीस बेघरांसाठीं हेन्री विलिंक या खास अधिकाऱ्याची नेमणूक झाली; ऑक्टोबरांत अँडरसन यांच्या जागीं हर्बर्ट मॉरिसन आले. स्टेशनांत तीन मजली बांक बसले, जागेचीं तिकिटें मिळूं लागलीं, पायखाने झाले, खाद्यपदार्थ घेऊन गाड्या फिरूं लागल्या. लंडन काउंटी कौन्सिलानें स्वस्त गरम जेवणाचीं केंद्रें काढलीं. हें सर्व आठवड्यांच्या व महिन्यांच्या हिशेबानें झालें. जें भर माऱ्यांत करतां आलें, तें माऱ्यापूर्वीं दोन वर्षें कां करतां आलें नाहीं, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांनीं मात्र सर्व दोष सरकारवर टाकून स्वस्थ बसूं नये. ता. २९ डिसेंबर १९४० हा रविवार होता. लंडनची जुनी पेठ सुटीमुळें बंद होती. मालक घरीं, किल्ल्या त्यांच्या खिशांत, आणि गाद्या-वखारींना कुलुपें. त्या रात्रीं आग लावणारे लहान बॉम्ब हजारोंनीं पडले. असला बॉम्ब वजनानें सुमारें एक किलो. तो पडतांच जागेवर माणूस असला, तर वाळूच्या बादलीनें त्याचें काम संपतें. पण कुलुपाच्या आंत वाळू कोण टाकणार? नळ फुटले, टेम्स नदीस ओहोटी, आणि बंबांस पाणी नाहीं. पॅटरनॉस्टर रो ही पुस्तकविक्याची पेठ लक्षावधि ग्रंथांसह भस्म झाली. तिच्या शेजारचें सेंट पॉलचें मंदिर मात्र वांचलें. कारण तेथें छपरावर स्वयंसेवकांचा पहारा होता. पहारा असलेली इमारत राहिली व कुलूप असलेली जळाली, यांत चमत्कार कोणता? त्यानंतर १९४१ च्या आरंभीं पेढ्यांना व कारखान्यांना आगीचा पहारा ठेवणें सक्तीचें झालें. स्वतःच्या मालासाठीं एक रात्र जागण्यासही कायद्याची सक्ति लागावी, ही व्यापारी वर्गानें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, युद्धकाळीं साधनें थोडीं असतात व सर्व कांहीं एकदम होत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. भुयारेंही सर्वस्वीं निर्भय नव्हतीं, ता. १४ ऑक्टोबर १९४० रोजीं बॅलम स्टेशनावर बॉम्ब पडून रस्ता खचला व साठांहून अधिक माणसें खालीं मेलीं. परंतु बेथनल ग्रीनची गोष्ट पहा. ता. ३ मार्च १९४३ च्या रात्रीं त्या स्टेशनावर एकही बॉम्ब पडला नाहीं. भोंगा झाला, जवळच्या बागेंतून नव्या तोफांचा अनोळखी आवाज आला, लोक घाईनें जिना उतरूं लागले. जिना अंधारा, मधें धरावयास कठडा नाहीं, येण्याजाण्यास एकच वाट. पायथ्याशीं एक बाई अडखळून पडली, आणि थोड्या वेळांत एकशें त्र्याहत्तर माणसें गुदमरून मेलीं. त्यांत बासष्ट मुलें होतीं. या प्रवेशद्वाराची बळकटी करण्याची परवानगी स्थानिक कौन्सिलानें १९४१ सालींच मागितली होती व वरिष्ठांनीं ती नाकारली होती. चौकशी झाली, पण तिचा अहवाल युद्ध संपत येईपर्यंत लोकांपुढें ठेवला नाहीं. एका कठड्यास व एका दिव्यास काय पडलें असतें, याचा हिशेब दुकानावर बसणाऱ्या आमच्या वाचकांनींच करावा.

तथापि लंडनच्या रहिवाशांपाशीं एक हत्यार होतें. त्यांस मत होतें, पार्लमेंट होतें, टीका करणारीं पत्रें होतीं. म्हणून चूक महिन्या-दोन महिन्यांत सुधारावी लागली. ज्यांस तें हत्यार नव्हतें त्यांचें काय झालें? ता. २३ डिसेंबर १९४१ रोजीं रंगूनवर बॉम्ब पडले. त्या शहराच्या वस्तींतील निम्मे लोक हिंदी होते. गोदींतील हमाल, झाडूवाले, कारकून, दुकानदार. पुढील महिन्यांत लक्षावधि हिंदी माणसें आराकानच्या व मणिपूरच्या वाटांनीं हिंदुस्थानाकडे पायीं निघालीं, आणि त्यांतील हजारों वाटेंतच पडलीं. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत वीस ते तीस लक्ष माणसें मेलीं. ज्या साम्राज्यानें लंडनमध्यें लोणी व साखर सुद्धां शिधापत्रिकेवर समान वांटून कोणास उपाशीं मरूं दिलें नाहीं, त्याच साम्राज्याच्या अमलाखालीं हें झालें. कारभारी वेगळ्या रक्ताचे नव्हते. फक्त येथें त्यांस जाब विचारणारा कोणी नव्हता. आणि बॉम्बखालच्या माणसास निशाण नसतें हेंही विसरूं नये. जुलै १९४३ च्या अखेरीस हँबर्गमध्यें ब्रिटिश व अमेरिकन विमानांनीं पस्तीस हजारांहून अधिक नागरिक मारले, ता. ९ व १० मार्च १९४५ च्या एका रात्रींत टोकियोंत सुमारें एक लक्ष माणसें जळालीं. जें लंडनच्या मुलाबाबतींत पाप, तें टोकियोच्या मुलाबाबतींत पुण्य होत नाहीं.

त्या माऱ्यानें इंग्लंडांत एक गोष्ट निश्चित झाली. बेघर माणूस भिकारी नव्हे, तो नागरिक आहे, आणि मदत हा त्याचा हक्क आहे, ही समजूत श्रीमंतांच्या दारापर्यंत पोहोंचली. डिसेंबर १९४२ मधील बेव्हरिज यांचा अहवाल लोकांनीं रांगा लावून विकत घेतला, व ता. ५ जुलै १९४८ पासून सर्वांस मोफत वैद्यकीय मदत देणारी योजना तेथें सुरू झाली. परंतु एवढें शहाणपण यावयास छपरें कोसळलींच पाहिजेत काय?

आपल्या गांवावर शत्रूचें विमान न येवो. पण आग, महापूर, सांथ, पडकी चाळ, यात्रेंतील चेंगराचेंगरी, यांस विमान लागत नाहीं. म्हणून प्रत्येक नगरवासीयानें आपल्या म्युनिसिपालिटीस कांहीं साधे प्रश्न विचारावेत. आमच्या गल्लींत बंब शिरतो काय, व किती वेळांत? पेठेच्या वखारींत रात्रीं पहारा कोणाचा? शाळेंत पांचशें माणसें एक रात्र राहिलीं तर पाणी व पायखाने पुरतील काय? ज्याचें घर पडलें त्यास किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात? नाट्यगृहाच्या जिन्यास कठडा आहे काय, आणि बाहेर जाण्याच्या दुसऱ्या दारास कुलूप तर नाहीं? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. बेथनल ग्रीनचा कठडाही क्षुल्लकच होता. संकटाच्या रात्रीं नागरिकांच्या धैर्याची स्तुति करण्याची पाळी ज्या कारभारावर येत नाहीं, तोच कारभार चांगला. आणि तसा कारभार मागून घेण्याची वेळ संकटाची नव्हे. ती आजची, स्वस्थतेची आहे.